परातभर पाणी आणि एक वाटी: दोन वर्षांखालील बाळांचे विज्ञान

दोन वर्षांखालील बाळाला विज्ञानाची ओळख कशी करून द्यावी, हा प्रश्न पालकांना अवघड वाटतो, कारण विज्ञान म्हटले की प्रयोगशाळा, पाठ्यपुस्तक किंवा मिरामारच्या गोवा विज्ञान केंद्रातील यंत्रे डोळ्यांसमोर येतात. बाळाचे विज्ञान याच्या फार आधी सुरू होते. अमुक केले तर तमुक होईल अशी अपेक्षा धरणे, ते करून पाहणे, अपेक्षेप्रमाणे घडले नाही तर चकित होणे आणि पुन्हा करून पाहणे, एवढाच त्याचा व्याप असतो आणि तो बाळाला शिकवावा लागत नाही. मोठ्यांकडे तीन कामे उरतात: हाताळण्याजोगी सुरक्षित वस्तू द्यावी, ती पुरेसा वेळ बाळाच्या हाती राहू द्यावी आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी. पुढील सर्व कृती या तिसऱ्या नियमावर बेतलेल्या आहेत, आणि माझ्या मते घरोघरी नेमका तोच मोडला जातो. आपण बाळापुढे दहा खेळणी ओततो आणि ते कशातच रमत नाही अशी तक्रार करतो.

ही अपेक्षा बाळाच्या मनात खरोखर असते, याला प्रयोगांचा आधार आहे. अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील ॲमी स्टाल आणि लिसा फायगेन्सन यांनी २०१५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी अकरा महिन्यांच्या बाळांना अशक्य वाटणारी दृश्ये दाखवली. काहींना खेळण्यातली गाडी भिंतीतून आरपार गेल्यासारखी दिसली, तर काहींना ती फळीच्या कडेपलीकडे जाऊनही अधांतरी राहिलेली दिसली. नंतर तीच गाडी बाळांच्या हाती दिली, तेव्हा पहिल्या गटातील बाळांनी ती आपटून पाहिली आणि दुसऱ्या गटातील बाळांनी खाली टाकून पाहिली. ज्या नियमाला धक्का बसला होता, नेमका तोच त्यांनी तपासला. घरातले बाळ चमचा खाली टाकते तेव्हा ते खोडीच काढत असते असे मानण्याचे कारण नाही.

यावरून अशा खेळांनी मूल पुढे शास्त्रज्ञ होईल किंवा त्याची बुद्धी अमुक पटीने वाढेल, असा निष्कर्ष मात्र कोणी काढू नये. तान्ह्या मुलांसाठी ‘विज्ञान संच’ म्हणून विकल्या जाणाऱ्या महागड्या पेट्यांचीही गरज नाही. गोव्यातील स्वयंपाकघरात, परसात आणि पडवीत याहून सरस साहित्य आयतेच असते. मोबाइलवरील रंगीबेरंगी चित्रफिती तर या कामी पूर्णपणे निरुपयोगी आहेत, कारण पडद्यावरचा चेंडू बाळाने ढकलला तरी हलत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार एक वर्षाखालील बाळाला पडदा मुळीच दाखवू नये, आणि दुसऱ्या वर्षातही बाळाला पडद्यासमोर बसवणे टाळावे.

सुरुवातीपूर्वी

खेळाची वेळ बाळाच्या तब्येतीने ठरवावी, घड्याळाने नव्हे. झोप पुरी झालेली, पोट भरलेले आणि लंगोट कोरडा, अशा वेळी पाच ते दहा मिनिटे मिळाली तरी पुष्कळ झाले. बाळ मान दुसरीकडे फिरवू लागले, जांभया देऊ लागले, पाठ ताठ करून मागे रेलू लागले किंवा किरकिरू लागले की त्याला पुरे झाले, असे समजून वस्तू उचलावी. पुन्हा पुन्हा समोर धरून त्याचे लक्ष ओढून घेण्याने काही साधत नाही. बाळ अपुऱ्या दिवसांचे असेल, तर खाली दिलेले महिने जन्मतारखेपासून मोजू नयेत, डॉक्टरांनी दिलेल्या अपेक्षित तारखेपासून मोजावेत.

प्रत्येक वस्तू तोंडात जाणार, हे गृहीत धरूनच ती निवडावी. तोंड हे या वयातले मुख्य मोजमापाचे साधन असल्यामुळे ‘तोंडात घालू नको’ असे सांगण्यात अर्थ नसतो. तोंडात घालण्याजोगीच वस्तू द्यावी लागते. लहान मुलांच्या खेळण्यांच्या तपासणीत सुमारे ३.२ सेंटिमीटर व्यासाचे नळकांडे वापरतात आणि त्यात पूर्ण मावणारी वस्तू घशात अडकण्याजोगी धरतात. घरी थोडे अधिक सावध राहून चार सेंटिमीटरचा ठोकताळा ठेवावा. चिंचोके, सुपारी, मणी, नाणी, शेंगदाणे, लहान खुबे आणि शिंपले या सर्वांवर त्यामुळे आपोआप फुली पडते. घड्याळातील आणि रिमोटमधील चपटे बटण सेल तर घरात उघडे राहूच नयेत, कारण असा सेल गिळला गेला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही आतून गंभीर भाजू शकते. लहान लोहचुंबक आणि पाण्यात फुगणारे जेलचे रंगीत मणी हेही तितकेच वर्ज्य समजावेत.

आपल्याकडच्या आणखी काही गोष्टींचा उल्लेख करायला हवा, कारण बाहेरच्या पुस्तकांत त्या सापडत नाहीत. मार्च ते मे या काजूच्या हंगामात अंगणात वाळत घातलेल्या बियांच्या टरफलांत कातडी भाजून काढणारे तेल असते, तेव्हा रांगते बाळ त्या अंगणात सोडू नये. लालकाळी गुंज दिसायला कितीही मोहक असली तरी विषारी असते, आणि कण्हेरही तशीच. कच्च्या अळूच्या पानाने तोंडाला खाज सुटते. रांगोळीची भुकटी बाळाच्या श्वासात जाऊ देऊ नये. नवजात बाळाला मध चाटवण्याची प्रथा अनेक घरांत अजून आहे, पण एक वर्ष पूर्ण होईपर्यंत बाळाच्या तोंडी मध लावूच नये, कारण मधातील जिवाणूंच्या बीजाणूंमुळे तान्ह्या बाळाला बॉट्युलिझम हा स्नायू लुळे पाडणारा आजार होऊ शकतो. या बाबतीत घरातील वडीलधाऱ्यांशी आदराने पण ठामपणे बोलावे.

पहिले चार महिने: प्रकाश, चेहरा आणि पाय

नवजात बाळाला वीस ते तीस सेंटिमीटर अंतरावरचे त्यातल्या त्यात स्पष्ट दिसते, म्हणजे अंगावर पिताना आईचा चेहरा जितका दूर असतो तितके. या अंतरावर आपला चेहरा स्थिर धरून हळूच जीभ बाहेर काढावी किंवा भुवया उंचावाव्यात आणि थांबावे. बाळाला उत्तर द्यायला वेळ लागतो, आणि आपण तेवढ्यात दुसरे काही करू लागलो तर ते उत्तर आपल्याला कधीच दिसत नाही. १९६० च्या दशकात अमेरिकी मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट फँट्झ यांनी दाखवून दिले की, अगदी लहान बाळेही कोऱ्या पृष्ठभागापेक्षा आकृत्यांकडे अधिक वेळ पाहतात. म्हणून पांढऱ्या कागदावर काळ्या शाईने जाड पट्टे काढून तो कागद समोर धरावा आणि अगदी सावकाश डावीकडून उजवीकडे न्यावा. दुसऱ्या दिवशी पट्ट्यांऐवजी चौकडी दाखवावी. कागद, अंतर आणि वेग तेच ठेवावेत.

जुन्या कौलारू घरात छपराला एखादे काचेचे कौल असते आणि त्यातून उन्हाचा कवडसा जमिनीवर पडतो. बाळाला त्याच्या बाजूला, ऊन डोळ्यांवर येणार नाही अशा बेताने निजवावे आणि कवडशात आपला हात धरून बोटे उघडमीट करावीत. उजेड आहे, उजेड गेला, उजेड आला, हा फरक दोन-तीन महिन्यांचे बाळ टक लावून पाहते. शिंपल्यांच्या खिडक्या असलेले घर लाभले असेल तर तिथला दुधी उजेड आणि कौलातला प्रखर उजेड यांची तुलनाही बाळाला मांडीवर घेऊन करता येते, पण त्यासाठी कोणी घर बदलण्याची गरज नाही. खिडकीच्या पडद्यानेही भागते. विजेरीचा झोत किंवा लेझरचा ठिपका मात्र बाळाच्या डोळ्यांच्या आसपास आणू नये.

पायांकडे सहसा दुर्लक्ष होते. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ कॅरोलिन रोव्ही-कोलियर यांनी दोन-तीन महिन्यांच्या बाळांच्या घोट्याला फीत बांधून ती वर टांगलेल्या खेळण्याला जोडली, तेव्हा पाय झाडला की खेळणे हलते हे बाळांनी काही मिनिटांत हेरले आणि तीन महिन्यांच्या बाळांना ते सुमारे आठवडाभर आठवलेही. दोरी, फीत किंवा सुतळी गळ्याभोवती गुंडाळली जाण्याचा धोका असल्यामुळे हा प्रयोग घरी जसाच्या तसा करू नये. त्याऐवजी बाळाला उताणे निजवून पायांना लागेल असा स्वच्छ, जाड, करकर वाजणारा कागद आपण हाताने धरावा. पहिल्यांदा पाय चुकून लागतो आणि आवाज होतो. मग पाय थबकतात, डोळे मोठे होतात आणि थोड्या वेळाने पुन्हा लाथ बसते, या वेळी जरा जोरात. लाथांचा जोर वाढला की कागद बाजूला घ्यावा, बाळ आणखी दोन-चार लाथा हवेत मारून पाहील, आणि तेव्हाच कागद परत आणावा.

बाळ जागे असताना, आपण समोर बसून, दिवसातून थोडा थोडा वेळ त्याला पालथे ठेवण्याचा सरावही याच काळातला आहे. जागतिक आरोग्य संघटना दिवसभरात मिळून किमान अर्धा तास सुचवते. पालथ्या बाळापुढे स्टीलचे ताट उभे धरले तर मान उचलण्याला एक कारण मिळते. झोपवताना मात्र बाळ नेहमी पाठीवरच असावे.

आवाज

ऐकणे जन्माआधीच सुरू झालेले असते, त्यामुळे आवाजाचे खेळ पहिल्या आठवड्यापासून करता येतात. चौथ्या महिन्याच्या सुमारास बाळाच्या एका बाजूला, त्याला न दिसेल असा, खुळखुळा हलक्याने वाजवावा आणि ते वळते का ते पाहावे. वळले की खुळखुळा दाखवावा. पुढच्या वेळी बाजू बदलावी, खुळखुळा बदलू नये. काही दिवसांनी खुळखुळा बदलावा, बाजू बदलू नये. सावंतवाडीची लाकडी खेळणी आपल्याकडे सहज मिळतात, पण चघळण्याच्या वयात रंग न लावलेला लाकडी खुळखुळा अधिक बरा.

घरात घुमट असेल तर त्याच्याइतके उत्तम साधन नाही. मातीचे हे वाद्य, ज्याला गोवा सरकारने २०१९ मध्ये राज्याच्या वारसा वाद्याचा दर्जा दिला, एका तोंडाला कातड्याने मढवलेले आणि दुसऱ्या तोंडाला उघडे असते. (पूर्वी त्याला घोरपडीचे कातडे लावत, वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे ते बंद झाले आणि आता बकऱ्याचे कातडे वापरतात.) सहा-सात महिन्यांच्या बाळाला मांडीवर घेऊन त्याचा तळवा घुमटाच्या मातीच्या पोटावर ठेवावा आणि कातड्यावर दोन बोटांनी हलकी थाप मारावी. आवाज कानाला आणि थरथर हाताला एकाच क्षणी कळते, आणि आवाज म्हणजे काहीतरी हलणे आहे, ही भौतिकशास्त्रातली मूळ गोष्ट बाळाच्या तळव्याला लागते. नंतर घुमटाचे उघडे तोंड आपल्या दुसऱ्या हाताने झाकून तशीच थाप मारावी. नाद बदलतो. बाळ बहुधा झाकणाऱ्या हाताकडे पाहील, आणि तसे पाहिले तर घाई न करता तो हात दोन-तीनदा काढावा आणि ठेवावा.

चतुर्थीच्या दिवसांत घुमट, शामेळ (ढोलासारखे वाद्य) आणि कासाळे (झांजा) एकत्र वाजत असताना मात्र बाळाला त्या खोलीत ठेवू नये. हातभर अंतरावरच्या माणसाशी बोलायला आवाज चढवावा लागत असेल, तर तो गोंगाट बाळाच्या कानांना जास्त आहे असे समजावे आणि त्याला आतल्या खोलीत न्यावे. फटाक्यांबद्दल वेगळे सांगायला नको. त्याच सणात माटोळीखाली, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या चौकटीखाली, बाळाला कडेवर घेऊन उभे राहणे मात्र फार चांगले, कारण खडबडीत, गुळगुळीत, लांबट, काटेरी अशी इतकी रूपे एका जागी वर्षातून एकदाच दिसतात. माटोळीला बांधलेली काही रानफळे खाण्याची नसतात, त्यामुळे बाळाच्या हाती नारळ, काकडी, तोरिंजन (पपनस) अशी ओळखीचीच फळे द्यावीत.

पाणी

बसू लागलेल्या बाळासाठी पाण्याइतके समृद्ध साहित्य दुसरे नाही आणि पाण्याइतके धोक्याचेही नाही. चार-पाच सेंटिमीटर पाण्यातही बाळ बुडू शकते आणि ते आवाज न करता बुडते. त्यामुळे पाण्याचा खेळ चालू असताना मोठ्या माणसाचा हात सतत बाळाला लागेल इतका जवळ असावा, फोन वाजला किंवा दाराशी पदेर (पाववाला) आला तरी उठू नये, आणि उठायचेच असेल तर बाळाला उचलून घेऊन उठावे. खेळ संपताच परात आणि बादल्या पालथ्या करून ठेवाव्यात.

जमिनीवर जुना टॉवेल पसरून त्यावर मोठी परात ठेवावी आणि तिच्यात तीन-चार सेंटिमीटर कोमट पाणी घ्यावे. पाण्याची ऊब हाताच्या कोपराने पाहावी. पहिल्या दिवशी परातीत दुसरे काहीही घालू नये. बाळ पाण्यावर हात आपटेल, दचकेल, आपल्याकडे पाहील आणि पुन्हा आपटेल. पाण्यावर हात मारला की ते अंगावर येते, आणि हळू ठेवला तर येत नाही, एवढे कळायलाच काही दिवस जातात आणि ते जाऊ द्यावेत.

नंतर स्टीलची एक वाटी द्यावी, एकच. ती पाण्यावर तरंगते आणि बाळाने हात नेला की दूर सरकते, त्यामुळे ती पकडण्यातच पहिला बराच वेळ जातो. मग केव्हातरी पकडताना कडेवर बोट जास्त दाबले जाते, वाटी कलते, पाणी बारीक धारेने आत शिरते आणि वाटी खाली जाऊन परातीच्या तळाला टणकन टेकते. मघाशी वर असलेली वस्तू आता खाली आहे. पुष्कळशी मुले इथे हात मागे घेतात आणि मोठ्यांच्या तोंडाकडे पाहतात. आपण ‘बुडाली, वाटी बुडाली’ एवढेच म्हणावे, वाटी रिकामी करून पुन्हा पाण्यावर ठेवावी आणि हात काढून घ्यावा. चौथ्या-पाचव्या वेळी काही बाळे मुद्दाम कड दाबू लागतात. त्या क्षणी बाळ प्रयोग करत आहे याबद्दल शंका घेण्याचे कारण उरत नाही. ‘किती सांडतंय हे पोर!’ म्हणत पुसणे घेऊन धावणाऱ्या आजीला त्या वेळी शेजारी बसवून घ्यावे. एकदा पाहिल्यावर तीच दुसरी वाटी आणून देते.

वाटीनंतर चमचा द्यावा. धातू तोच, पण चमचा पडताक्षणी बुडतो. त्यानंतर नीट घासून गुळगुळीत केलेली करवंटी, लाकडी डाव, प्लॅस्टिकचे झाकण, अशा वस्तू एकेक करून आणाव्यात. नारळाचे सोडण तरंगते खरे, पण त्याचे तंतू तोंडात तुटतात, म्हणून ते बाळाच्या हाती न देता फक्त दाखवावे.

सव्वा वर्षाच्या पुढच्या मुलासाठी घंगाळात थोडे खोल पाणी घेऊन त्यात सोललेला अख्खा नारळ सोडावा. मुलाला उचलायला कष्ट पडतात इतका जड नारळ तरंगतो आणि हलका चमचा तळाशी जातो, हे जड-हलक्याच्या समजुतीला छेद देणारे दृश्य आहे. नारळी पौर्णिमेला समुद्रात सोडलेले नारळ लाटांवर हेलकावे खाताना आपण सगळेच पाहत आलो आहोत, पण तो नारळ तळव्यांनी खाली दाबताना पाणी त्याला वर ढकलते, तो जोर फार थोड्यांनी अनुभवलेला असतो. मुलाचे दोन्ही हात नारळावर ठेवून, आपण त्याला मागून घट्ट धरून, त्याला दाबू द्यावे. सोडला की नारळ उसळून वर येतो. यात आतल्या हवेची पोकळी, घनता, उत्प्लावन असे शब्द बोलण्याची काही आवश्यकता नाही. ते शब्द शाळेत येतील तेव्हा तळव्यांना आधीच माहीत असलेल्या गोष्टीवर बसतील.

लपवणे आणि पाडणे

स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांच्या निरीक्षणानुसार साधारण आठव्या महिन्यापर्यंत बाळ पूर्ण झाकलेली वस्तू शोधायला जात नाही. पुढे रने बायारजाँ यांच्यासारख्या संशोधकांनी दाखवले की, वस्तू नजरेआडही असते याची काहीशी जाणीव बाळाला याच्या बऱ्याच आधी असते, फक्त ती हातांत उतरत नाही. ‘बुवा कुक’ हा खेळ आपल्याकडे यासाठीच पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. सातव्या महिन्यात खुळखुळा पंचाखाली अर्धा झाकावा, तो ओढून काढता आला की पाऊण झाकावा आणि मग पूर्ण.

नऊ-दहा महिन्यांच्या बाळाबरोबर याचा एक गमतीदार पुढचा टप्पा खेळता येतो. दोन पंचे शेजारी ठेवून खेळणे तीन-चार वेळा पहिल्याखाली लपवावे आणि दर वेळी बाळाला शोधू द्यावे. मग त्याच्या डोळ्यांदेखत ते दुसऱ्याखाली ठेवून क्षणभर थांबावे. या वयाची पुष्कळ बाळे तरीही पहिल्या पंचाकडेच हात नेतात. हसू येते, पण दुरुस्त करू नये. वर्ष उलटेपर्यंत ही चूक बहुधा आपोआप नाहीशी होते, आणि ती नाहीशी होताना पाहणे हाच या खेळाचा खरा आनंद आहे.

वस्तू पाडण्याचा सोसही याच महिन्यांत सुरू होतो. तो थोपवण्यापेक्षा त्याला शिस्त द्यावी. बाळाला मांडीवर किंवा उंच खुर्चीत बसवून त्याच्या हाती चमचा द्यावा, तो पडू द्यावा, उचलून परत द्यावा. पाच-सहा वेळा झाल्यावर चमच्याऐवजी रुमाल द्यावा. तो तरंगत, वळत, सावकाश आणि आवाज न करता पडतो. मग चेंडू, जो पडून परत उसळतो. मधल्या काळात ‘गेला खाली’ याहून अधिक भाष्य नको. घरात कोकणी बोलली जात असेल तर हे सगळे कोकणीतच बोलावे, कारण बाळाच्या कानाला सवयीची भाषा हीच या वयाची विज्ञानभाषा असते.

वाळू आणि पेज

स्पर्शासाठी समुद्रकिनारा जवळ असणे हे आपले भाग्य, पण काही पथ्ये पाळावी लागतात. सहा महिन्यांखालील बाळाला थेट उन्हात नेऊ नये आणि मोठ्या बाळालाही सकाळीच न्यावे. मे महिन्याच्या सुमारास किनाऱ्यावर डांबराचे गोळे वाहून येतात आणि पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, त्यामुळे हे दोन्ही काळ सोडावेत. ज्या जागी कुत्री आणि कचरा नाही अशी स्वच्छ वाळू निवडून बाळाला आधी फक्त कोरड्या वाळूत पाय ठेवू द्यावे, आणि मग दोन पावलांवरच्या ओल्या वाळूत. कोरडी वाळू मुठीतून निसटते, ओली मुठीचा आकार धरते. दोन्ही मुठींत एकाच वेळी दोन्ही प्रकारची वाळू दिली तर बाळ आळीपाळीने दोन्ही हातांकडे पाहत राहते. एखादा कण तोंडात जाईल, तो ओल्या कापडाने पुसून काढावा.

सत्तरी किंवा डिचोलीकडे राहणाऱ्यांना वाळू नसली तरी चिऱ्याची भिंत आहे. चिरा खरखरीत आणि सकाळी गार, शेजारची लाकडी चौकट गुळगुळीत आणि न गार न गरम. तळवा या दोन्हींवर आळीपाळीने ठेवला की काम झाले.

सहा महिने पूर्ण होऊन वरचे अन्न सुरू झाले की जेवणही या खेळात येते. ताटलीत मऊ पेज घालून बाळाला बोटे बुडवू द्यावीत. दुसऱ्या दिवशी त्याच पेजेचे पाणी काढून दाट भात द्यावा. पेज ओघळते, भात चिकटतो. पिकलेली पपई चिवडली जाते, उकडलेले रताळे दाबल्यावर भुगा होते. एक वर्षापर्यंत यात मीठ किंवा साखर घालू नये. कच्चे पीठ खेळायला देण्याची सूचना अनेकदा वाचायला मिळते, पण कच्च्या पिठात रोगजंतू असू शकतात, म्हणून पीठ भिजवून शिजवल्यावरच बाळाच्या हाती द्यावे.

पागोळ्या

जून उजाडला की बाहेरचे खेळ बंद पडतात, असे मानण्याचे कारण नाही. बाल्कांवात (दारापुढच्या बैठकीच्या ओट्यावर) किंवा पडवीत बसून कौलांच्या पागोळ्या गळताना पाहणे हा गोव्यातील बाळाला मिळालेला खास पाठ आहे. वाहत्या गढूळ पाण्यात पाय बुडवू देऊ नयेत, कारण उंदरांच्या मुतामुळे लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो. वरून थेट पडणारी पागोळी कडेवरच्या बाळाने हातावर घेतली तर पुरे. एका पागोळीखाली तांब्या ठेवावा. पहिले थेंब टणटणतात, तळाशी पाणी साचले की डुबडुब आवाज येतो आणि अरुंद गळ्यापर्यंत पाणी चढत जाईल तसा धारेचा स्वर चढत जातो, कारण आतला हवेचा स्तंभ आखूड होत असतो. कळशी भरत आली हे घरातल्या बायका न पाहता, याच आवाजावरून ओळखतात. तांब्या काढून त्याच जागी प्लॅस्टिकचा डबा ठेवावा. पागोळी तीच, भांडे वेगळे.

दीड वर्षानंतर: रंग

रासायनिक बदल हा शेवटी आणावा, कारण यात मूल पाहणारे असते आणि हात आपले असतात. आमसुले पाण्यात भिजवून लाल पाणी काढावे आणि ते काचेसारख्या दिसणाऱ्या, पण न फुटणाऱ्या दोन पारदर्शक पेल्यांत घ्यावे. एका पेल्यात चिमूटभर खायचा सोडा टाकावा. लाल रंग काळपट निळसर-हिरवट होतो, आणि वर फेस येतो. शेजारचा पेला तसाच लाल राहतो, आणि तो तसा राहिलेला दिसणे महत्त्वाचे आहे. दुसरा पेला नसेल तर बदल कशाच्या तुलनेत झाला हे मुलाला कळत नाही. मग बदललेल्या पेल्यात लिंबू पिळत जावे, आणि पुरेसे झाले की लाली परत येते. सोडा आणि लिंबू मुलाच्या हातापासून दूर असावेत आणि तो पेला कोणी पिऊ नये. आमसुलाचे डाग सहज जात नाहीत, म्हणून जुने कपडे घालूनच बसावे.

हळदीचेही असेच आहे. कपड्यावरचा हळदीचा डाग साबण लावताच लाल होतो हे धुणे धुणाऱ्या प्रत्येकाने पाहिले आहे. दीड-पावणेदोन वर्षांच्या मुलाला तो डाग आणि साबणाची वडी दाखवून, ‘आता काय होईल?’ असे विचारून थांबावे. ते उत्तर देणार नाही, पण डागाकडे पाहत राहील. कुंकू हळद आणि चुन्यापासून याच गुणामुळे होते, तरी चुना डोळ्यांना आणि कातडीला भाजतो, त्यामुळे तो या खेळात कधीही आणू नये.

नोंद आणि डॉक्टर

एका वहीत तारीख, दिलेली वस्तू, बदललेली गोष्ट आणि बाळाने केलेली कृती अशा दोन ओळी लिहून ठेवाव्यात. ‘वाटी. मुद्दाम बुडवली, हसला नाही, पुन्हा बुडवली,’ इतके पुरते. महिन्याभराने त्याच वस्तूकडे परत वळताना काय बदलायचे ते या वहीतून सुचते. लसीकरणासाठी आरोग्य केंद्रात किंवा बालरोगतज्ज्ञांकडे जाताना ही वही बरोबर न्यावी, कारण सहा महिन्यांनंतरही बाळ आवाजाकडे वळत नसेल, तीन-चार महिन्यांनंतर हलणाऱ्या वस्तूमागे नजर फिरवत नसेल, एकच हात सतत मुठीत ठेवत असेल किंवा आधी येणारी एखादी गोष्ट करेनासे झाले असेल, तर ते डॉक्टरांना तारखेसह सांगता येते आणि पुढच्या फेरीपर्यंत थांबावे लागत नाही.

खेळताना घशात काही अडकून वर्षाखालील बाळाला खोकता किंवा रडता येईनासे झाले, तर त्याला आपल्या हातावर पालथे, डोके छातीपेक्षा खाली राहील असे धरून खवाट्यांच्या मधोमध तळहाताने पाच थापा द्याव्यात. वस्तू निघाली नाही तर त्याला उताणे करून छातीच्या मध्यभागी एका तळहाताच्या टाचेने पाच वेळा दाबावे आणि वस्तू निघेपर्यंत हे आळीपाळीने करत राहावे. वस्तू दिसत नसताना तोंडात बोट घालून चाचपडू नये. घरातल्या दुसऱ्या माणसाने तोवर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. बाळाला सांभाळणाऱ्या प्रत्येकाने, आजी-आजोबांसह, ही कृती आरोग्य केंद्रातील परिचारिकेकडून बाहुलीवर एकदा करून घ्यावी.